आठ तासांत नागपूर, मुलं सोबत असताना
(गाडी बुक करण्याआधी एकदा वाचून घ्या)

दिवाळीची सुट्टी असो, उन्हाळ्याची असो की नात्यातलं लग्न असो, नागपूर फिरायला ड्रायव्हरसह गाडी बुक करताना आमच्या व्हॉट्सॲपवर येणारी यादी साधारण एकच असते. दीक्षाभूमी, झिरो माइल, गोरेवाडा सफारी, रमण विज्ञान केंद्र, अजब बंगला (इथलं जुनं वस्तुसंग्रहालय), महाराजबाग प्राणिसंग्रहालय, फुटाळा तलाव, ड्रॅगन पॅलेस बुद्धविहार आणि शेवटी "वेळ उरला तर रामटेक". खाली लिहिलेलं असतं: चार मोठे, दोन मुलं, वय ११ आणि १३, दिवस एक. एवढं एका दिवसात बसणार नाही असं आम्ही कळवलं की लगेच फोन येतो. त्या फोनवर आम्ही जे बोलतो, तेच इथे लिहून ठेवलं आहे.

अंतर कमी आहे, उतरणं महाग आहे

तुमचे इथले मामा किंवा साडू तुम्हाला सांगतात, "नागपूर केवढंसं जी, कुठूनही कुठं गेलं तरी पंधरा-वीस मिनिटं." ते खोटं बोलत नाहीत. पण ते स्कूटरवर एकटे फिरतात, आणि अजब बंगल्यात शेवटचे शाळेच्या सहलीला गेलेले असतात.

हिशेब चुकतो तो इथे. गाडीत बसून जाणारा वेळ सगळे धरतात, गाडीतून उतरल्यावर जाणारा कुणीच धरत नाही. गाडी लावायला जागा शोधा. आजीला हात देऊन उतरवा. मुलाचा एक बूट सीटखाली गेलेला असतो, तो काढा. तिकिटाची रांग, बॅग कुठे ठेवायची ते विचारा, कुणाला पाणी हवं, कुणाला बाथरूमला जायचं. मग आतलं बघणं. बाहेर आल्यावर सगळे एका जागी जमेपर्यंत कुणीतरी आइस्क्रीमच्या गाडीपाशी उभं असतं. बघण्याचा वेळ सोडून नुसतं उतरून पुन्हा बसायला सहा जणांच्या कुटुंबाला अर्धा तास सहज लागतो. आठ ठिकाणांचे झाले चार तास, आणि अजून काही बघितलेलंच नाही.

आमचं शहराचं पॅकेज आठ तास, ऐंशी किलोमीटरचं आहे. बुकिंगच्या वेळी सगळे किलोमीटरबद्दल विचारतात. शहरातल्या शहरात फिरताना किलोमीटर उरतात आणि तास संपतात. संध्याकाळी जास्तीच्या तासांचे पैसे लागले की दारात वाद होतो. कृपया तो ड्रायव्हरशी घालू नका. तो फक्त वेळ लिहितो, दर आमचे आहेत. शिवाय आमच्याकडे वेळ तुमच्या दारापासून मोजतात, गॅरेजपासून नाही. गाडी कुठूनही घेतलीत तरी हे आधी विचारून घ्या, कारण "गॅरेज टू गॅरेज"मध्ये तासभर कुठे गेला ते कळत नाही.

म्हणून आमचा नियम असा की मुलं सोबत असतील तर दिवसाला चार ठिकाणं, आणि त्यातली वेळेला बांधलेली जास्तीत जास्त दोन. वेळेला बांधलेली म्हणजे जिथे तुमच्या सोयीने आत जाता येत नाही. गोरेवाड्याच्या सफारीची बस ठरलेल्या वेळी सुटते, रमण विज्ञान केंद्रातला तारांगणाचा शो ठरलेल्या वेळी लागतो. हे दोन्ही सकाळीच घेतले तर एक हमखास चुकतं आणि तिकिटाचे पैसे जातात.

कमी ठिकाणं दाखवून आम्ही डिझेल वाचवतो असं काहींना वाटतं. थोडं वाचतंही, नाकारत नाही. पण लांब यादी मुकाट्याने घेतली आणि रात्री जास्तीचे तीन तास लावले, तर आमची कमाई त्याहून कितीतरी जास्त होईल. तरी आम्ही यादी कापायला सांगतो, कारण पुढच्या सुट्टीत तुमच्या नणंदेला गाडी लागली तर तुम्ही कुणाचा नंबर द्याल, याचीही आम्हाला काळजी असते.

मुलांची जागा शेवटी ठेवू नका

पाच वर्षांचं पोर कंटाळलं तर त्याला कडेवर घेता येतं. मोठा माणूस कंटाळला तरी बोलत नाही. दहा ते तेरा वर्षांची मुलं या दोन्हींत बसत नाहीत. ती कंटाळली की मोबाइल काढतात, आणि मोबाइल काढून घेतला की "अजून किती वेळ?" सुरू होतं. यात त्यांचा दोष नाही, कारण यादी करताना त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

आदल्या रात्री प्रत्येक मुलाला एक ठिकाण निवडू द्या, आणि ते दुपारच्या जेवणाआधीच्या भागात ठेवा. आमच्या गाड्यांत नेहमी असं होतं: मोठ्यांची ठिकाणं आधी, मुलाचं शेवटी. उशीर झाला की शेवटचं ठिकाण कापलं जातं, म्हणजे दर वेळी मुलाचंच. मग परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर काय वातावरण असतं ते आमच्या ड्रायव्हर काकांना विचारा.

या वयाच्या मुलांना काय आवडतं, हे आम्ही आरशातून रोज बघतो. रमण विज्ञान केंद्र बहुतेकांना आवडतं, कारण तिथली उपकरणं हाताने फिरवून, ओढून बघता येतात. तिथे किमान अडीच तास द्या. गोरेवाड्याची सफारी आवडते, पण वाघ दिसेलच अशी हमी आधी देऊन ठेवू नका. जाऊन येऊन अर्धा दिवस जातो तो वेगळा. ज्या दिवशी गोरेवाडा, त्या दिवशी बाकी फक्त दोन ठिकाणं.

मोतीबागचं नॅरोगेज रेल्वे म्युझियम मात्र फारसं कुणाच्या यादीत नसतं, आणि ते आम्ही आवर्जून सुचवतो. कडबी चौकाजवळ आहे, २००२ साली सुरू झालं. टॉय ट्रेन आहे म्हटल्यावर बारा वर्षांचा मुलगा "ते बच्च्यांचं आहे" म्हणून नाक मुरडतो, पण जुनी वाफेची इंजिनं समोर दिसली की तोच पुढे पळतो. रुळांमधलं अंतर मोजायला सांगा, अडीच फूट भरतं. नागपूर-नागभीड गाडी अशाच रुळांवर २०१९ पर्यंत धावत होती. आजोबा सोबत असतील तर इथून पुढची माहिती तेच देतील.

आम्ही बहुतेकांना सुचवतो तो दिवस असा. सकाळी साडेआठला निघून आधी दीक्षाभूमी. तिथे सकाळी शांतता असते आणि स्तूपात अनवाणी जायचं असल्याने फरशी तापायच्या आत गेलेलं बरं. १४ ऑक्टोबर १९५६ ला इथे काय झालं ते मुलांना गाडीतच सांगून ठेवा, शाळेच्या पुस्तकात त्यांनी वाचलेलं असतं. आत बोलायचं नसतं आणि इतका मोठा घुमट आतून पूर्ण पोकळ बघून ती आपणच गप्प होतात. बाहेरचा बोधिवृक्ष श्रीलंकेतल्या अनुराधपूरहून आणलेल्या रोपाचा आहे. फक्त "पॉइंट" म्हणून दहा मिनिटांत उरकणार असाल तर यादीत घेऊच नका.

तिथून झिरो माइल. दगडी खांब, चार घोडे, फोटो, बहुतेकांचं एवढ्यात आटोपतं. मुलांना जरा थांबवा. तिथल्या दगडावर जबलपूर १७० मैल, हैदराबाद ३१८ मैल अशी अंतरं कोरलेली आहेत. त्यांचे किलोमीटर करायला सांगा आणि मोबाइलच्या नकाशाशी ताडून बघायला सांगा. भारताचा मध्यबिंदू नेमका हाच का, यावर वाद आहे. मुलांनी विचारलं तर तसंच सांगा, इंग्रजांच्या काळातल्या मोजणीचा हा खांब आहे हे नक्की.

इथे गाडी सोडा. झिरो माइल स्टेशनवरून ऑटोमोटिव्ह चौकाकडे जाणारी मेट्रो पकडा आणि कडबी चौकाला उतरा, तिसरंच स्टेशन आहे. तिकीट मुलांना काढू द्या, नकाशा त्यांच्याच हातात द्या. आमचा ड्रायव्हर गाडी घेऊन कडबी चौकात उभा असेल, त्याचे वेगळे पैसे नाहीत. मधे गड्डीगोदामला खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो आहे. मेट्रोत बसून ते कळत नाही, म्हणून परत येताना ड्रायव्हरला खालच्या रस्त्याने न्यायला सांगा. म्युझियम, जेवण, आणि दुपारी रमण विज्ञान केंद्र. ताकद उरली तर संध्याकाळी फुटाळ्याच्या काठावर मक्याचं कणीस. हे चार ठिकाणांत धरत नाही आम्ही, तेवढं चालतं.

वार, महिना आणि ऊन

सोमवारी गोरेवाडा, अजब बंगला आणि नॅरोगेज म्युझियम बंद असतात. रविवारी लग्न करून सोमवारी नागपूर बघायला निघालेल्या कुटुंबांसाठी आमच्याकडे रमण विज्ञान केंद्र, दीक्षाभूमी आणि कामठीचं ड्रॅगन पॅलेस असा वेगळा बेत तयार आहे, पण वार आधी सांगा.

सीताबर्डीचा किल्ला दाखवा, असा हट्ट इतिहासाची गोडी लागलेली मुलं हमखास करतात. इंग्रज आणि नागपूरकर भोसले यांच्यातली १८१७ ची लढाई तिथलीच. किल्ला लष्कराकडे आहे आणि सर्वसामान्यांसाठी २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट एवढ्याच दिवशी उघडतो. बाकी दिवशी आमची कितीही ओळख असली तरी आत जाता येत नाही, आणि तशी ओळख आम्ही सांगतही नाही.

डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असतं. विधानभवन झिरो माइलच्या शेजारीच असल्याने मोर्चे आणि बॅरिकेड यांत तिथे गाडी थांबवता येत नाही. त्या दिवसांत झिरो माइलला मेट्रोनेच जा. दसऱ्याला आणि त्याच्या आगेमागे दीक्षाभूमीवर देशभरातून लाखो माणसं येतात. ज्यांना त्यासाठीच जायचं आहे त्यांना आम्ही शक्य तितक्या जवळ सोडतो, पण शहरदर्शनाच्या फेरीत त्या दिवशी दीक्षाभूमी घेत नाही.

मे महिन्याबद्दल पुण्या-मुंबईच्या मंडळींना खरंच वाटत नाही. पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि दुपारी बारानंतर गाडीचा एसीसुद्धा दमतो. म्हणून १५ एप्रिल ते १५ जून आम्ही दोन पाळ्यांत गाडी देतो. सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ. मधला वेळ तुम्ही मुक्कामी, गाडी आमच्याकडे, तास मोजत नाही. टोप्या, दुपट्टे आणि पाण्याच्या बाटल्या तुमच्या. वर पिण्याच्या पाण्याचा एक कॅन गाडीत आम्ही ठेवतो.

संत्र्याची बाग मुलांना दाखवायची असेल तर तीही मे महिन्यात मागू नका. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबरात आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तोडणीला येतात. आणि बागा शहरात नाहीत, काटोल-कळमेश्वरकडे जावं लागतं. उन्हाळ्यात संत्रा बर्फीवर भागवा, ती बारा महिने मिळते.

खाण्याचं थोडक्यात. सकाळी तर्री-पोहे जरूर खा, मुलांसाठी तर्री, म्हणजे तिखट रस्सा, वेगळ्या वाटीत मागा. झणझणीत सावजीचं जेवण संध्याकाळी, फिरणं संपल्यावर. दुपारी सावजी खाऊन तारांगणाच्या अंधारात बसलेल्या पाहुण्यांचे हाल आम्ही पाहिले आहेत.

बुकिंगच्या मेसेजमध्ये एवढं लिहा: तारीख आणि वार, मुलांची वयं, मुलांनी निवडलेली ठिकाणं, जिना चढायला त्रास होणारं कुणी आहे का, आणि गाडी नागपूर स्टेशनवर हवी की अजनीला. शेवटचं नीट बघा, बऱ्याच गाड्या अजनीला थांबतात आणि पाहुणे "नागपूरला उतरलो" म्हणून फोन करतात. थेट स्टेशनवरून फिरायला निघणार असाल तर सामान किती आहे तेही लिहा. अर्टिगात सहा माणसं बसतात, पण सहा माणसं आणि पाच बॅगा बसत नाहीत. तेव्हा वर कॅरिअर असलेली गाडी पाठवावी लागते.

आणि रामटेक. ते पन्नासएक किलोमीटरवर आहे, जाऊन येऊन शंभर, म्हणजे ऐंशी किलोमीटरचं पॅकेज तिथेच संपलं. गडमंदिर, कालिदास स्मारक आणि खिंडसीच्या तलावात बोटिंग एवढं केलं तरी संध्याकाळ होते. त्याला वेगळा दिवस द्या. शहर आणि रामटेक एकत्र बुक केलं तर दुसऱ्या दिवशीच्या दरात आम्ही सूट देतो. फक्त सकाळी सहाला तयार राहा, ऊन चढायच्या आत गडावर पोहोचायचं असतं.