एन्झाइम टाकण्याआधी ड्रममधलं पाणी बघा
(आमच्या जीन्स-वॉशिंगवाल्या ग्राहकांसाठी)

"तुमचा एन्झाइम कमजोर आलाय, जीन्सवरचा निळा उतरत नाही" असा फोन आला की आम्ही हल्ली आधी एकच विचारतो: पीएच कुठल्या पाण्याचा बघितला? उत्तर ठरलेलं असतं. "टाकीतल्या." नाहीतर, "ॲसिड टाकल्या टाकल्या बघितला, बरोबर ५ होता."

घोटाळा तिथेच होतो. डिसायझिंगला, म्हणजे कापडावरची खळ काढायला, बरेचजण सोडा ॲश वापरतात, आणि जाड डेनिममध्ये मुरलेला सोडा एका खळबळवणीत निघत नाही. कंबरपट्टी, खिशाचे कोपरे, दुहेरी शिवणी, इथे तो दडून बसतो. तुम्ही नवं पाणी घेता, असेटिक ॲसिड टाकता, पीएच पट्टी बुडवता, पट्टी ५ दाखवते. मग ड्रम फिरायला लागतो आणि शिवणींतला सोडा हळूहळू पाण्यात उतरतो. एन्झाइम मात्र तोवर पडलेला असतो.

उल्हासनगरकडच्या एका युनिटने पूर्ण पिंप परत पाठवायचं ठरवलं, तेव्हा मी स्वतः जाऊन मशीनशेजारी उभा राहिलो. पहिली पट्टी छान नारिंगी. "बघा, तुमच्याच मालात खोट आहे," असं ऐकूनही घेतलं. पाच मिनिटं ड्रम फिरू द्यायला सांगितलं आणि त्याच पाण्यात दुसरी पट्टी बुडवली. हिरवीगार. पीएच ८ च्या आसपास. आणखी थोडं असेटिक, पुन्हा पाच मिनिटं, पुन्हा पट्टी, आणि मग त्याच पिंपातली पावडर टाकली. तासाभराने मांड्यांवरचा निळा जसा हवा तसा उतरला होता. पिंप तिथेच राहिलं.

आमचा एन्झाइम, म्हणजे सुताचे तंतू तोडणारा सेल्युलेज, आम्लधर्मी जातीचा आहे. पीएच ४.५ ते ५.५ आणि ४५ ते ५५ अंश तापमान, या पट्ट्यात तो काम करतो. ७ वर तो जवळजवळ बसून राहतो. ९ च्या वर गेला तर बिघडतो, आणि मागाहून कितीही ॲसिड ओतलं तरी पुन्हा कामाला लागत नाही. म्हणून क्रम एकच ठेवा: आधी ॲसिड, मग कपड्यांसकट पाच मिनिटं फेरा, मग पट्टी, आणि शेवटी एन्झाइम. वाफेचा व्हॉल्व्हही पावडर पडण्याआधीच बंद झालेला असू द्या. पावडर भिजवायला 'लवकर विरघळावी' म्हणून उकळतं पाणी घेणारे कारागीर आम्ही पाहिलेत. ती पावडर तिथेच संपते.

पिंपावरच्या लेबलवर युनिटचा, म्हणजे एन्झाइमच्या ताकदीचा, आकडा असतो, तो कसा येतो हेही सांगतो. गाळण कागदाची १ सेंटिमीटर रुंद, ६ सेंटिमीटर लांब, सुमारे ५० मिलिग्रॅमची पट्टी घ्यायची, पीएच ४.८ च्या द्रावणात एन्झाइमबरोबर ५० अंशांवर एक तास ठेवायची, आणि कागद विरघळून किती साखर झाली ते रंगावरून मोजायचं. म्हणजे आकडा ४.८ वरचा आहे. तुमचा ड्रम ८ वर फिरत असेल तर त्या आकड्याचा उपयोग नाही, आमचाही नाही आणि दुसऱ्या कुणाचाही नाही. भाव विचारतानाही किलोचा न विचारता युनिटचा विचारा. स्वस्त पावडरीत मीठ किती आणि एन्झाइम किती, हे किलोच्या भावात दिसत नाही.

"तुमची पावडर तपकिरी का? कोंड्यासारखा वास का येतो?" कारण ती कोंड्यावरच तयार होते. रबाळ्याच्या आमच्या शेडमध्ये मोठ्या फर्मेंटर टाक्या नाहीत, ट्रे आहेत. गव्हाचा कोंडा ओला करून १२१ अंशांवर निर्जंतुक करतो, त्यावर ट्रायकोडर्मा रीसी या बुरशीचे बीजाणू शिंपडतो आणि २८ ते ३० अंशांवर पाच-सहा दिवस वाढू देतो. थर तीन-चार सेंटिमीटरच ठेवतो. वाढणारी बुरशी गरम होते, कोंड्यातून ती उष्णता बाहेर पडत नाही, आणि थर जाड झाला की मधली बुरशी भाजते. म्हणून एका खोलीत जेवढे ट्रे मावतात तेवढाच लॉट निघतो. "उद्या ५०० किलो पाठवा" म्हटलं की आमची पंचाईत होते ती यामुळे. पण या पद्धतीत कोंडा धुऊन निघणारं पाणी मुळात दाट असतं, आटवायला कमी लागतं, आणि त्याचा फायदा तुमच्या बिलात दिसतो. कोंड्याप्रमाणे रंग थोडा इकडेतिकडे होतो, युनिट होत नाहीत.

ही बुरशी, जाता जाता, दुसऱ्या महायुद्धातली. सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचं सुती सामान कुजवताना ती सापडली. त्यांना कापड वाचवायचं होतं. आपल्याला ते थोडंसं, वरवर कुजवायचं आहे: नीळ सुताच्या वरच्या थरातच असते, तेवढेच तंतू सैल झाले की आतला पांढरा दिसतो आणि जीन्स घासायला ड्रममध्ये टाकतात ते प्युमिस दगड कमी लागतात.

म्हणूनच काम झालं की एन्झाइम थांबवायलाच हवा. सोडा टाकून पीएच १० च्या आसपास, ८० अंश, दहा मिनिटं, मग धुणं. सुरुवातीला नडणारा सोडा इथे मात्र हवाच. नुसतं पाणी सोडून कपडे रात्रभर ओले ठेवलेत तर सकाळी पँट खिशापाशी टरकते, आणि ती तक्रार आम्ही घेत नाही.

खिशाचं अस्तर अगदी पांढरं राहायला हवं असेल, तर आम्ल एन्झाइमने सुटलेला निळा अस्तरावर परत बसतो हे खरं आहे. तेव्हा न्यूट्रल जातीचा, पीएच ७ च्या आसपास चालणारा, घ्या. तो आम्ही बनवत नाही. वेळ जास्त लागेल, पण त्या ऑर्डरला तोच बरा.

पावसाळ्यात पिंपाचं झाकण घट्ट लावा, माप कोरडं ठेवा. पहिल्या पिंपाबरोबर पीएच पट्ट्यांची एक डबी आमच्याकडून मोफत. नवीन कापडासाठी अर्धा किलोचा नमुना मागवा, चालवून बघा. तक्रार असेल तर फोन करताना लॉट नंबर, तापमान आणि पाच मिनिटं फिरल्यानंतरची पट्टी जवळ असू द्या. पट्टीचा फोटो पाठवलात तर आणखी बरं. सकाळी आम्ही ट्रे भरत असतो, हात कोंड्यात असतात, फोन दुपारनंतर उचलला जाईल.