एनएफएलमधील दुबळ्या संघाची पुनर्बांधणी व जनरल मॅनेजरच्या कामाचे मूल्यमापन

अमेरिकन फुटबॉलच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, खेळाडू निवडणे, त्यांच्याशी करार करणे, त्यांची अदलाबदल करणे आणि त्यांना सोडून देणे या कामांची मुख्य जबाबदारी बहुतेक संघांत जनरल मॅनेजरवर असते. हाताशी असलेले खेळाडू कसे खेळवायचे हे मुख्य प्रशिक्षक पाहतो. ते खेळाडू कोण असतील हे जनरल मॅनेजर ठरवतो. तळाला गेलेला संघ हाती घेऊन काही वर्षांत तो जेतेपदाच्या तोडीचा करण्याच्या प्रयत्नाला पुनर्बांधणी म्हणतात. हे काम योग्य दिशेने चालले आहे की नाही, हे ते पूर्ण होण्याआधीच ओळखावे लागते, कारण मालक आणि प्रेक्षक दोघांचाही संयम पहिल्या दोन वर्षांतच पणाला लागतो आणि नेमक्या त्याच दोन वर्षांत जय-पराजयाचा तक्ता सर्वांत कमी विश्वासार्ह असतो.

मूल्यमापनाचे निकष समजण्यासाठी लीगचे आर्थिक नियम लक्षात घ्यावे लागतात. ३२ संघांपैकी प्रत्येकाला ५३ खेळाडूंचा मुख्य संघ ठेवता येतो आणि सर्वांना एकच वेतनमर्यादा लागू असते. कोविडमुळे उत्पन्न घटल्याने ती २०२१ मध्ये १८.२५ कोटी डॉलरवर आली होती. २०२५ मध्ये ती २७.९२ कोटी डॉलर झाली. नवे खेळाडू दरवर्षी सात फेऱ्यांच्या ड्राफ्टमधून येतात. आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या वाचकाने येथील मोठा फरक ध्यानात घ्यावा : ड्राफ्टमध्ये बोली लागत नाही, संघ आपापल्या पाळीने खेळाडू निवडतात आणि आधीच्या हंगामात सर्वांत वाईट कामगिरी केलेल्या संघाची पाळी सर्वांत आधी येते. निवडलेल्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा असतो, त्याची रक्कम जवळपास ठरलेली असते, आणि पहिल्या फेरीतील खेळाडूला पाचव्या वर्षीही ठेवून घेण्याचा पर्याय संघाकडे असतो. त्यामुळे उत्तम खेळणारा पण अजून पहिल्या करारावर असलेला खेळाडू हीच पुनर्बांधणीची खरी पुंजी होय. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी असे दाखवून दिले की, अगदी वरच्या पाळ्यांना संघ त्यांच्या मोलापेक्षा जास्त किंमत देतात. मिळणाऱ्या खेळाचे मोल आणि त्यासाठी मोजलेले वेतन यांतील फरक पाहिला, तर किंचित खालच्या पाळ्या अधिक फायद्याच्या ठरतात.

याउलट बाजूला ‘डेड मनी’ असतो. करारावर सही करताना दिलेला बोनस वेतनमर्यादेच्या हिशोबात अनेक वर्षांवर विभागून दाखवतात. खेळाडूला मध्येच सोडले की उरलेला भाग मर्यादेत धरला जातो, मग तो खेळाडू मैदानावर असो वा नसो. नव्या जनरल मॅनेजरच्या पहिल्या वर्षाचा मोठा भाग पूर्वसुरींची ही देणी फेडण्यात जातो. म्हणून पहिल्या वर्षी विजय मोजण्याऐवजी देणी किती कमी झाली, नवे करार किती आखूड आहेत आणि पुढील ड्राफ्टमधील किती पाळ्या हातात आहेत, हे पाहणे अधिक न्यायाचे ठरते.

अलीकडच्या काळातील सर्वांत बोलके उदाहरण डेट्रॉइट लायन्स या संघाचे आहे. मॅट मिलन यांच्याकडे २००१ पासून या संघाची सूत्रे होती. त्यांच्या काळात संघाने ३१ सामने जिंकले आणि ८४ गमावले. सप्टेंबर २००८ मध्ये त्यांना पद सोडावे लागले आणि त्याच हंगामात लायन्स १६ पैकी १६ सामने हरणारा लीगमधील पहिला संघ ठरला. बाद फेरीतील त्यांचा अखेरचा विजय जानेवारी १९९२ मधला होता. जानेवारी २०२१ मध्ये ब्रॅड होम्स जनरल मॅनेजर झाले तेव्हा शहरातील एक अख्खी पिढी त्या विजयानंतर वाढली होती. होम्स त्याआधी लॉस एंजेलिस रॅम्समध्ये महाविद्यालयीन खेळाडूंच्या पारखीचे प्रमुख होते. मुख्य प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल यांची नेमणूकही त्याच महिन्यात झाली.

होम्स यांनी सर्वांत आधी मॅथ्यू स्टॅफर्ड हा अनुभवी क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे सांभाळून चेंडू फेकणारा खेळाडू, रॅम्सला दिला. बदल्यात क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ, २०२१ ची तिसऱ्या फेरीतील एक पाळी आणि २०२२ व २०२३ च्या पहिल्या फेरीतील पाळ्या घेतल्या. वर्षभराने, फेब्रुवारी २०२२ मध्ये, स्टॅफर्डने रॅम्सला सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला. त्या दिवशी निकाल लावणाऱ्याला डेट्रॉइट फसल्याचेच वाटले असते. शिवाय रॅम्स विजेते ठरल्याने लायन्सच्या वाट्याची २०२२ ची पाळी पहिल्या फेरीतील शेवटची, म्हणजे ३२ वी ठरली. पुढच्याच हंगामात मात्र रॅम्स ५-१२ (पाच विजय, बारा पराभव) असे कोसळले आणि २०२३ ची पाळी थेट सहावी आली. होम्स यांनी ३२ वी पाळी स्वतःच्या ३४ व्या आणि ६६ व्या पाळीसह मिनेसोटाला देऊन १२ वी आणि ४६ वी घेतली; बाराव्यावर वेगवान रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू) जेमसन विल्यम्स मिळाला. सहावी पाळी ॲरिझोनाला दिली, सोबत ८१ वी दिली, आणि १२ वी, ३४ वी व १६८ वी घेतली. त्यांतून रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) जमिर गिब्स आणि टाइट एंड (अडवणूकही करणारा आणि चेंडूही झेलणारा) सॅम लापोर्टा आले. लापोर्टाने पहिल्याच हंगामात ८६ झेल घेऊन टाइट एंडमधील नवोदितांचा त्या वेळचा विक्रम केला. असा व्यवहार शेवटच्या खेळाडूपर्यंत माग काढूनच तपासावा लागतो आणि त्यासाठी दोन-तीन वर्षे जाऊ द्यावी लागतात. रॅम्सच्या पडझडीचे श्रेय मात्र होम्स यांना देता येत नाही. पाळी सहावी आली हा दैवयोग होता, तिचे दोन नियमित खेळाडू केले हे काम त्यांचे.

पहिल्या हंगामाचा निकाल ३-१३-१ असा, म्हणजे तीन विजय, तेरा पराभव आणि एक बरोबरी असा लागला. २६ सप्टेंबर २०२१ रोजी बाल्टिमोरच्या जस्टिन टकरने शेवटच्या क्षणी ६६ यार्डांवरून मारलेला चेंडू आडव्या खांबावर आपटून पलीकडे पडला आणि लायन्स १७-१९ असे हरले. इतक्या लांबून यशस्वी झालेला हा लीगमधील त्या वेळचा पहिलाच फटका होता. तक्त्यात याची नोंद ‘एक पराभव’ एवढीच होते. ५ डिसेंबरला, एकही विजय नसताना, मिनेसोटाविरुद्ध वेळ संपता संपता गॉफने फेकलेला चेंडू अमन-रा सेंट ब्राऊनने गोलक्षेत्रात पकडला आणि संघ २९-२७ असा जिंकला. सेंट ब्राऊन ११२ व्या पाळीला, चौथ्या फेरीत निवडलेला खेळाडू होता. तेव्हाचा जाणता निरीक्षक गुणतक्त्यापेक्षा अशाच गोष्टी टिपत होता : उशिराच्या फेरीतील मुले खेळत आहेत, टिकत आहेत आणि महिन्यागणिक सुधारत आहेत. पुढच्या हंगामाची सुरुवातही १-६ अशी झाली, पण त्या सहापैकी चार पराभव तीन किंवा चार गुणांचे होते. मालकीणबाई शीला फोर्ड हॅम्प यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये वार्ताहरांसमोर येऊन धीर धरण्याची विनंती केली. उरलेल्या दहापैकी आठ सामने संघाने जिंकले. निसटते निकाल दीर्घकाळात दोन्ही बाजूंना समान वाटले जातात, म्हणूनच विश्लेषक विजयांऐवजी मिळवलेल्या आणि दिलेल्या गुणांच्या फरकाला जास्त महत्त्व देतात.

ड्राफ्टची पारख संपूर्ण यादीवर करावी. एका नावावर करू नये. २०२३ मध्ये पहिल्या फेरीत रनिंग बॅक आणि लाइनबॅकर (बचावफळीच्या मधल्या रांगेतील खेळाडू) निवडले म्हणून होम्स यांच्यावर बरीच टीका झाली, कारण या जागा स्वस्तात भरता येतात असा प्रचलित समज आहे. गिब्स आणि जॅक कॅम्पबेल या दोघांनीही पुढे आपली निवड सार्थ केली. त्याच ड्राफ्टच्या तिसऱ्या फेरीतील हेंडन हुकर आणि ब्रॉड्रिक मार्टिन यांच्यापैकी मात्र कोणीही नियमित खेळाडू होऊ शकला नाही. अशा चुका प्रत्येक जनरल मॅनेजरच्या खाती असतात. पेनी सूएल, एडन हचिन्सन, सेंट ब्राऊन, कर्बी जोसेफ आणि ब्रायन ब्रँच हे सगळे तीन वर्षांत गोळा करणे ही मात्र दुर्मीळ गोष्ट आहे.

श्रेय नेमके कोणाचे, हा प्रश्न क्लीव्हलंड ब्राऊन्सच्या बाबतीत अधिक टोकदार झाला. तेथे खेळाडू निवडीचे प्रमुख असलेल्या साशी ब्राऊन यांच्या कारकिर्दीत संघ २०१६ मध्ये १-१५ आणि २०१७ मध्ये ०-१६ असा हरला आणि तो हंगाम संपण्याआधीच, डिसेंबर २०१७ मध्ये, त्यांना काढण्यात आले. त्यांनी जमवलेल्या पाळ्या त्यांच्यानंतर आलेल्या जॉन डॉर्सी यांनी वापरल्या. डेन्झेल वॉर्ड आणि निक चब हे दोघे त्यांतून आले, तर बेकर मेफील्ड संघाच्या स्वतःच्या पहिल्या पाळीवर आला. २०२० च्या हंगामात त्या संघाने ११ सामने जिंकले आणि बाद फेरीत पिट्सबर्गला हरवले. तरीही साशी ब्राऊन यांना निर्दोष ठरवणे मला पटत नाही. २०१७ मध्ये १२ वी पाळी त्यांनी ह्यूस्टनला विकली आणि ह्यूस्टनने तिच्यावर क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसन घेतला. क्वार्टरबॅकची जागा रिकामी ठेवून नुसत्या पाळ्या साठवत राहणे हा पुनर्बांधणीतील सर्वांत महागडा दोष आहे. होम्स यांनी पहिल्याच व्यवहारात गॉफ घेऊन तो टाळला.

प्रशिक्षक आणि जनरल मॅनेजर यांचे काम वेगळे काढणे बहुधा अशक्यच असते. डेट्रॉइटमध्ये दोघे एकाच वेळी आले, त्यामुळे खेळाडूची पारख कोणाची आणि त्याला घडवले कोणी, याची वाटणी बाहेरून करता येत नाही. २०२३ मध्ये संघाने १९९३ नंतर प्रथमच आपला विभाग (लीगमधील चार संघांचा गट) जिंकला, बाद फेरीत स्टॅफर्डच्याच रॅम्सला २४-२३ असे हरवले आणि सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध मध्यंतराला २४-७ अशी आघाडी असूनही अखेरीस ३१-३४ असा सामना गमावला. २०२४ मध्ये संघाने १५ सामने जिंकले, पण हचिन्सनचा पाय ऑक्टोबरमध्येच मोडला होता, बचावफळीतील अनेक जण जायबंदी होते आणि बाद फेरीतील पहिल्याच लढतीत वॉशिंग्टनने ४५ गुण करून त्यांना हरवले.

येथून मूल्यमापनाचा निकष बदलतो. स्वस्त करार संपतात आणि त्याच खेळाडूंना पूर्ण मोल द्यावे लागते. २०२४ मध्ये गॉफला चार वर्षांसाठी २१.२ कोटी, सेंट ब्राऊनला १२ कोटी आणि सूएलला ११.२ कोटी डॉलरचे करार देण्यात आले. २०२५ मध्ये हचिन्सनचा १८ कोटींचा करार झाला. एवढी रक्कम चौघांकडे गेल्यावर उरलेल्या जागा पुन्हा ड्राफ्टमधूनच भराव्या लागतात, आणि संघ जिंकू लागला की पाळ्या फेरीच्या शेवटी येतात. जानेवारी २०२५ मध्ये आक्रमणाचे समन्वयक बेन जॉन्सन शिकागोला आणि बचावाचे समन्वयक ॲरन ग्लेन न्यूयॉर्क जेट्सला मुख्य प्रशिक्षक म्हणून गेले. त्यानंतरचा हंगाम ९-८ असा संपला आणि बाद फेरी हुकली.