मॅनेजमेंट, हँडलिंग आणि कंट्रोल

कारभार, हाताळणी आणि ताबा यांसंबंधीच्या इंग्रजी शब्दांचा समूह. मॅनेज, हँडल, कंट्रोल, सुपरवाइज, ॲडमिनिस्टर, रेग्युलेट, गव्हर्न ही त्यांतली नेहमीची क्रियापदे. नाशिकमध्ये सातपूर-अंबडचे कारखाने, द्राक्षांची पॅकहाउस आणि सिंहस्थाचा बंदोबस्त या तिन्ही ठिकाणी यांतले बरेच शब्द मराठी वाक्यात सहज बसलेले आहेत. शब्दकोशात त्यांचे अर्थ एकमेकांत मिसळलेले दिसतात. कामावरचा माणूस मात्र त्यांची अदलाबदल करत नाही, आणि त्याचेच बरोबर आहे.

‘मॅनेज’ सोळाव्या शतकात इटालियन ‘मानेज्जारे’वरून इंग्रजीत आला. मुळाशी लॅटिन ‘मानुस’, म्हणजे हात. सुरुवातीचा अर्थ घोड्याला चाल शिकवणे, त्याला हवे तसे फिरवणे. ‘हँडल’ हा इंग्रजीचा घरचाच शब्द. हाताने स्पर्श करणे, धरणे एवढाच त्याचा जुना अर्थ. ‘कंट्रोल’ हिशेबाच्या दप्तरातून निघाला. मूळ हिशेबाची गुंडाळी पडताळून पाहण्यासाठी जी दुसरी गुंडाळी ठेवत, तिला मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘कोन्त्रारोतुलुस’ म्हणत. फ्रेंच भाषेत या शब्दाचा तपासणी हा अर्थ आजही ठसठशीत आहे. म्हणूनच फ्रेंच खाण अभियंता आंरी फायोल यांनी १९१६ मध्ये कारभाराची जी पाच अंगे सांगितली, त्यांतले शेवटचे अंग ‘कंट्रोल’ म्हणजे हुकमत नव्हे. ठरल्याप्रमाणे काम झाले की नाही हे पाहणे. कारखान्यातल्या क्वालिटी कंट्रोल विभागाचे काम या जुन्या अर्थाला धरूनच चालते. ‘गव्हर्न’च्या मागे ग्रीक भाषेतले जहाजाचे सुकाणू धरणे आहे. वाफेच्या इंजिनाचा वेग आपोआप मर्यादेत ठेवणारे यंत्र जेम्स वॉट यांनी १७८८ मध्ये वापरात आणले, त्यालाही गव्हर्नर असेच नाव पडले. ‘ॲडमिनिस्टर’चे मूळ सेवा करणे असे आहे, सरकारी कचेरीत खेटे घालणाऱ्याला ते सांगूनही पटणार नाही.

तीन मुख्य शब्दांतला फरक निफाड-दिंडोरी पट्ट्यातल्या द्राक्षात लख्ख दिसतो. मण्यावर पांढुरकी नैसर्गिक पावडर असते. बोट लागले की ती पुसली जाते आणि घड जुना दिसू लागतो. म्हणून पॅकिंगला बसलेल्या बाया घड देठाला धरून उचलतात, खराब मणी कात्रीच्या टोकाने काढतात आणि घड पेटीत अलगद ठेवतात. हे हँडलिंग. माल आधी प्री-कूलिंगला आणि मग कोल्ड स्टोरेजमध्ये जातो. तिथे तापमान शून्य अंशाच्या आसपास धरून ठेवणे हे कंट्रोल. ऑक्टोबरच्या छाटणीपासून मजूर, औषधे, पाणी, व्यापारी आणि बँकेचा हप्ता यांचा मेळ घालत बाग काढणीपर्यंत नेणे हे मॅनेजमेंट. यातले एक चांगले जमले म्हणून दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

गर्दीच्या बाबतीत हाच फरक जिवावर बेततो. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थातील शाही स्नानाच्या दिवशी रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि तीसहून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. गर्दी साचल्यावर दोर आणि बॅरिकेड लावून तिला थोपवणे म्हणजे क्राउड कंट्रोल. गर्दी एका जागी साचूच नये म्हणून आधीपासून केलेली आखणी म्हणजे क्राउड मॅनेजमेंट: शहराबाहेर वाहनतळ, येण्याची आणि परतीची वाट वेगळी, स्नानाला जास्त घाट. २०१५ च्या सिंहस्थासाठी नवे घाट बांधून भाविक रामकुंडापलीकडे विभागले गेले, तो या दुसऱ्या प्रकारचा उपाय होता. पहिल्यावर भिस्त ठेवणे धोक्याचे, कारण उतारावर मागून रेटा सुरू झाला की पुढच्याला थांबता येत नाही आणि मागच्याला पुढचे दिसत नाही.

मराठीत आल्यावर या शब्दांनी आपापले वेगळे अर्थही धरले. ‘तो मॅनेज झाला’ म्हणजे पैसे किंवा आमिष घेऊन फितला. हा अर्थ निवडणुकीच्या दिवसांत विशेष ऐकू येतो. ‘जरा मॅनेज कर’ यात मात्र नुसते भागवून घेणे आहे. हसू, राग ‘कंट्रोल होत नाही’. दुसऱ्या महायुद्धात धान्यावर सरकारी नियंत्रण आले, मुंबईत १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झाले, आणि स्वस्त धान्य दुकानाला ‘कंट्रोल’ हे नाव चिकटले. ‘कंट्रोलचा गहू’ जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. बदली झालेला अधिकारी ‘चार्ज देतो’, नवा ‘चार्ज घेतो’.

कागदोपत्री मॅनेजमेंटला व्यवस्थापन, कंट्रोलला नियंत्रण, ॲडमिनिस्ट्रेशनला प्रशासन आणि सुपरव्हिजनला पर्यवेक्षण हे शब्द रूढ आहेत. हँडलिंगला हाताळणी हा शब्द नेमका बसतो, कारण त्यातही हातच आहे. बोलण्यात मात्र कारभार, बंदोबस्त, देखरेख, ताबा हे जुने शब्द या इंग्रजी शब्दांच्या जोडीने सुखेनैव चालतात, आणि शेतावरच्या मजुरांचा प्रमुख आजही मुकादमच असतो, सुपरवायझर नव्हे.