आगीतून वाचलेल्याचा ऑक्सिमीटर ९८ दाखवतो तेव्हा

डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या कमला मिल्समधल्या आगीत १४ जण गेले. बहुतेकांचा जीव धुराने गुदमरून गेला. तरीही आगीतून बाहेर काढलेल्या माणसाची कातडी किती भाजली एवढंच आपण बघतो, आणि कोविडपासून घरात असलेला ऑक्सिमीटर त्याच्या बोटाला लावून ‘९८ आहे, काळजी नाही’ म्हणतो. हा आकडा इथे साफ फसवा असतो.

ऑक्सिमीटर बोटातून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश सोडतो. ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश कमी शोषतं, रिकामं जास्त. दोन्ही प्रकाशांच्या गुणोत्तरावरून यंत्र ऑक्सिजन धरलेल्या हिमोग्लोबिनचे टक्के काढतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक ओढीने चिकटतो, आणि असं हिमोग्लोबिनही लाल प्रकाश जवळपास तितकाच कमी शोषतं. यंत्राला दोन्ही सारखेच! शिवाय हिमोग्लोबिनच्या ऑक्सिजन धरायच्या चार जागांपैकी एखादी या वायूने अडवली, की उरलेल्या जागांवरचा ऑक्सिजनही पेशींपाशी सहज सुटत नाही. खरं प्रमाण कळायला रक्ताचा नमुना को-ऑक्सिमीटरवर तपासावा लागतो. तो दोनऐवजी अनेक तरंगलांबींचा प्रकाश वापरतो, म्हणून त्याला दोन्ही हिमोग्लोबिन वेगळी ओळखता येतात.

रिपोर्टची वाट न पाहता मास्कने १०० टक्के ऑक्सिजन सुरू करतात. साध्या हवेत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास.

तोंडावर ओला रुमाल धरला की धूर बाधत नाही, हा समज सोडा. रुमाल थोडी काजळी अडवेल, कार्बन मोनॉक्साइड मुळीच नाही.

बंद खोलीत अडकलेल्याचा आवाज घोगरा झाला, थुंकीत काजळी दिसली, नाकातले केस जळलेले असले, तर गरम धुराने घसा भाजला असण्याची शक्यता मोठी. सूज पुढचे काही तास वाढतच जाते. म्हणून आत्ता नीट बोलणाऱ्या रुग्णालाही डॉक्टर श्वासनलिकेत नळी घालायचं ठरवतात. घसा मिटल्यावर ती घालणं फार अवघड. नातेवाइकांनी इथे अडून बसू नये. श्वासनलिकेत किती खोलवर इजा झाली, हे ब्रॉन्कोस्कोपच्या दुर्बिणीतून दिसतं.

सोफ्याचा फोम, नायलॉन, लोकर जळताना सायनाइडही निघतं. ते पेशींना आलेला ऑक्सिजन वापरूच देत नाही. त्यावर हायड्रॉक्सोकोबालामिन देतात. हे बी-१२ जीवनसत्त्वाचंच एक रूप; ते सायनाइडला धरून लघवीवाटे बाहेर नेतं. लघवी लाल होते, पण तो औषधाचा रंग असतो, रक्त नव्हे.