नांदूर मध्यमेश्वर : बंधारा व पक्षी अभयारण्य

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात, नाशिक शहराच्या पूर्वेस, गोदावरी व कादवा या नद्यांच्या संगमाजवळ असलेले पाणपक्ष्यांचे अभयारण्य. ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ हे त्याचे रूढ बिरुद एका अर्थाने नेमके आहे, कारण राजस्थानातील भरतपूरच्या पक्षी अभयारण्याप्रमाणेच हे पाणथळही माणसाने बांध घातल्यामुळे निर्माण झाले.

विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश सरकारने दुष्काळी टापूला पाणी देण्यासाठी येथे दगडी बंधारा बांधला. दारणा धरणात (1916) साठवलेले पाणी आवर्तनाच्या (सिंचनासाठी ठरावीक काळाने पाणी सोडण्याच्या) वेळी नदीपात्रातून येथवर आणायचे आणि बंधाऱ्याशी अडवून डाव्या व उजव्या कालव्यांतून कोपरगाव, राहाता या भागांकडे वळवायचे, अशी ही योजना होती. नद्यांनी वाहून आणलेला गाळ मात्र बंधाऱ्यामागे साचत गेला. पाटबंधारे खात्याच्या दृष्टीने हा निव्वळ तोटा होता. साठवणक्षमता घटली आणि पुराचा फुगवटा वर सायखेडा-चांदोरीला जाचू लागला. त्याच गाळाने उथळ पाणी, बेटे, पाणवनस्पती आणि दलदल घडवली, व पक्ष्यांना हवे होते ते नेमके हेच.

हिवाळ्यात तलवार बदक, थापट्या, चक्रवाक असे पाहुणे येथे उतरतात. वारकरी आणि जांभळी पाणकोंबडी हे पक्षी पाणवनस्पतींच्या कडेने वावरतात. पाणी ओसरून चिखल उघडा पडला की उघडचोच करकोचे गोगलगायी टिपत फिरतात. मिटलेल्या चोचीतही मधे फट राहत असल्याने हा पक्षी दुरूनही ओळखता येतो. चापडगावच्या बाजूचे निरीक्षण मनोरे पक्षी पाहण्यासाठी सोयीचे आहेत.

1986 मध्ये या क्षेत्राला अभयारण्याचा दर्जा मिळाला. जानेवारी 2020 मध्ये रामसर यादीतील, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीतील, समावेश जाहीर होऊन ते राज्यातील पहिले रामसर स्थळ ठरले. लोणार व ठाणे खाडी यांचा क्रम त्यानंतरचा. येथे 240 हून अधिक जातींचे पक्षी आणि 24 जातींचे मासे नोंदले गेले आहेत. नाशिकजवळच्या देवळालीचे नाव धारण करणारा, नामशेष होण्याच्या उंबरठ्यावरील देवळाली मिनो हा लहानसा मासाही या पाणथळाशी निगडित आहे.

जुन्या खुणांपैकी दगडी बंधारा आजही वापरात आहे. गावाच्या नावात असलेले मध्यमेश्वराचे देवस्थान बंधाऱ्यापेक्षा अर्थातच जुने असून, रामाने मायावी हरणाचा वध येथेच केला, असे परिसरातील मृगव्याधेश्वराच्या देवळाच्या संदर्भात सांगितले जाते. वरच्या अंगाला चांदोरी येथे पात्रातील हेमाडपंती मंदिरे एरवी पाण्याखाली असतात आणि पाणी फार खाली गेले तरच दिसतात. बंधाऱ्याच्या इतिहासात पक्ष्यांइतकाच या बुडालेल्या मंदिरांचाही उल्लेख व्हायला हवा. तो सहसा होत नाही.

शहरांच्या सांडपाण्यावर पोसलेल्या पाणवेली, मासेमारी आणि सिंचनाच्या वेळापत्रकानुसार होणारे पाण्याचे चढउतार, या अभयारण्यापुढील मुख्य अडचणी आहेत. गाळ काढावा, ही पूरग्रस्त गावांची मागणी आणि उथळ पाणथळ टिकावे, ही पक्ष्यांची गरज यांचा मेळ अद्याप बसलेला नाही.