अमेरिकेत जमिनीखालची इंधनटाकी बंद करताना: नियम, कागदपत्रं आणि कामाचा क्रम

गॅस स्टेशन (पेट्रोल पंप) बंद करायचं असो की जुनी टाकी असलेली जागा विकत घ्यायची असो, एक फरक आधी नीट समजून घ्या. टाकी बंद होणं वेगळं, जागेचं प्रकरण बंद होणं वेगळं. टाकी काही दिवसांत खणून बाहेर निघते. खालची माती किंवा भूजल बिघडलेलं निघालं, तर प्रकरण काही वर्षंही चालतं. लोक अडकतात ते या दुसऱ्या भागात.

केंद्रीय नियमांनुसार टाकी आणि तिच्या पाइपांचं मिळून १० टक्के किंवा जास्त आकारमान जमिनीखाली असेल, तर ती भूमिगत टाकी धरली जाते. शेतावर किंवा घरी, व्यापारासाठी नसलेलं वाहनांचं इंधन ठेवणारी १,१०० गॅलनपर्यंतची टाकी यातून वगळली आहे. जिथे साठवलं तिथेच जाळायचं हीटिंग ऑइलही वगळलेलं आहे. पण राज्याचे नियम याहून कडक असू शकतात, म्हणून तेही तपासाच.

टाकी कायमची बंद करायची असेल, तर काम सुरू करण्याच्या किमान ३० दिवस आधी संबंधित खात्याला लेखी कळवावं लागतं. हे खातं राज्यागणिक बदलतं. इलिनॉयमध्ये टाकी काढण्याचा परवाना स्टेट फायर मार्शलच्या (राज्याच्या अग्निसुरक्षा अधिकाऱ्याच्या) कार्यालयातून मिळतो, तर दूषित जागेची फाइल राज्याच्या पर्यावरण संस्थेकडे जाते. दोन दारं, दोन फाइली. एका दाराशी काम झालं की संपलं असं समजू नका.

पुढे टाकीतलं सगळं इंधन आणि तळाचा गाळ काढून ती साफ करायची. मग ती खणून बाहेर काढायची किंवा निष्क्रिय घन पदार्थाने भरून जागीच ठेवायची; खात्याने मान्य केलेल्या दुसऱ्या पद्धतीनेही ती जागेवर बंद करता येते. रिकामी टाकी निर्धोक समजणं जिवावर बेतू शकतं. आत उरलेली वाफ हवेत मिसळली की ठिणगीसुद्धा पुरते, म्हणून हे काम प्रशिक्षित आणि परवानाधारक ठेकेदारालाच द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं: माती-पाण्याचे नमुने. गळती असण्याची शक्यता जिथे सर्वांत जास्त, तिथलेच नमुने घ्यावे लागतात. टाकीच्या बुडाखाली, पाइपांच्या जोडांपाशी, डिस्पेन्सरखाली (गाडीत इंधन भरायच्या यंत्राखाली). पाण्याचा नमुना ४० मिलिलिटरच्या छोट्या काचेच्या कुपीत काठोकाठ भरतात, झाकण लावून ती उलटी करतात आणि टिचकी मारून बुडबुडा दिसतो का ते पाहतात. बुडबुडा दिसला तर तो नमुना बाद, कारण पेट्रोलमधलं घातक बेंझिन त्या हवेत निघून जातं आणि अहवाल खोटाच चांगला येतो. शेजारच्या विहिरीचं पाणी कोणीतरी पीत असतं, हे लक्षात ठेवून इथे चालढकल होऊ देऊ नका. खड्डा नमुन्यांआधी बुजवला, तर पुन्हा खणण्याचा खर्च तुमच्याच माथी.

गळती आढळली की २४ तासांच्या आत कळवायचं. २० दिवसांत पहिल्या उपाययोजनांचा अहवाल आणि ४५ दिवसांत जागेची प्राथमिक माहिती द्यायची. पाण्यावर इंधनाचा थर तरंगत असेल तर तो काढण्याचा अहवालही त्याच ४५ दिवसांत. गरज वाटल्यास खातं शुद्धीकरणाचा आराखडा मागतं. भूजलावर नजर ठेवण्याची टप्पेवार मोजणी इथूनच सुरू होते आणि वेळ खाते तीही इथेच.

कागदपत्रांत टाकीची नोंदणी, पूर्वसूचनेची प्रत, जागेचा नकाशा, ठेकेदाराचा परवाना, प्रयोगशाळेचे अहवाल आणि नमुन्यांच्या हस्तांतराची नोंद (नमुना कोणाकडून कोणाकडे गेला ते), गाळ आणि टाकी कुठे नेली त्याच्या पावत्या एकत्र ठेवा. टाकीखालच्या जागेच्या तपासणीचे निकाल टाकी बंद केल्यानंतर किमान ३ वर्षं जपायचा नियम आहे. माझं मत विचाराल तर जागा तुमच्या नावावर आहे तोवर जपा. विमा किंवा आर्थिक हमी मात्र टाकी रीतसर बंद होऊन शुद्धीकरण पूर्ण होईपर्यंत चालू ठेवावीच लागते. टाकी निघाली म्हणून विमा बंद करू नका.

शेवटी मिळतं ते ‘आता पुढील कारवाईची गरज नाही’ असं पत्र. त्याचा अर्थ माती पूर्ण स्वच्छ झाली असाच होत नाही. जागेवर विहीर न खणणं, फरसबंदी न काढणं अशा अटी त्यात असू शकतात. इलिनॉयमध्ये हे पत्र मिळाल्यापासून ४५ दिवसांत काउंटीच्या (जिल्ह्याच्या) नोंदणी कार्यालयात द्यावं लागतं, म्हणजे पुढच्या खरेदीदारालाही त्या अटी दिसतात. जागा घेणारे तुम्ही असाल, तर विक्रेत्याकडून हेच पत्र अटींच्या पानांसकट मागा.