चक्कर येते म्हणून पडूनच राहायचं का?

"कानामुळे तोल गेला असेल तर डोकं अजिबात हलवू नका, पडून राहा," असा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो देणाऱ्याच्या मनात काळजीच असते. हललं की गरगरतं, हे खरंच आहे. पहिले एक-दोन दिवस विश्रांती हवीही.

पण पुढे? डोकं कसं हलतंय, हे आतला कान मेंदूला कळवतो. एका बाजूच्या आतल्या कानाकडून येणारा हा संदेश कमी पडला, की मान वळताना नजर मागे राहते आणि समोरचं दृश्य सरकतं. ही चूक पुन्हा पुन्हा जाणवली की मेंदू आपला हिशेब दुरुस्त करतो. हालचालच थांबवली तर त्याला चूक कळणार कशी? म्हणूनच 1940 च्या दशकापासून यासाठी मुद्दाम मान आणि डोळ्यांचे व्यायाम दिले जातात.

स्वतः पाहायचंय? खुर्चीत बसा, हात लांब करून अंगठा समोर धरा, नखावर नजर रोखून मान हळूहळू डावी-उजवीकडे फिरवा. नख कुठल्या वेगाला अंधुक होतं, ते लिहून ठेवा. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली काही आठवडे सराव केल्यावर पुन्हा बघा. बऱ्याच जणांना वेग वाढवता येतो. सराव करताना थोडं गरगरणं अपेक्षितच आहे.

चकरेसोबत बोलणं अडखळलं, दोन-दोन दिसू लागलं किंवा एक हात लुळा पडला, तर मात्र व्यायाम नाही, ताबडतोब रुग्णालय.